ट्रॅक्टरच्या गिअरपेटीतील तेल घरच्या घरी कसे बदलावे

गोदावरीच्या उत्तर तीरावरील शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गाव धुळे–सोलापूर महामार्गावर वसलेले आहे. नदीवरील पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका लागतो. वरच्या अंगास पैठण येथे जायकवाडी धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी त्या वेळचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसविण्यात आली आणि १९७६ साली धरण पूर्ण झाले. त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा या भागास पाणी देतो. पाण्याबरोबर ऊस आला, उसाबरोबर अंकुशनगरसारखी साखर कारखान्याची गावे नावारूपास आली, आणि या सर्वांच्या जोडीला ट्रॅक्टर आला. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, पावसाळ्यापूर्वी काळ्या रानात चालणारा रोटाव्हेटर आणि मोसंबीच्या बागेतील मशागत ही आता येथील नित्याची दृश्ये होत.

ट्रॅक्टर हे बहुतेक शेतकरी कुटुंबांचे जमिनीखालोखाल मोलाचे धन असते. पुष्कळदा ते कर्जाऊ घेतलेले असते आणि हप्ता हंगामाच्या कमाईतून फिटावयाचा असतो. म्हणून शेतकरी यंत्राची काळजी घेत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंजिनाचे ऑईल वेळेवर बदलले जाते, हवेची जाळी साफ होते, चाकांची हवा पाहिली जाते. तथापि गिअरपेटीतील व हायड्रोलिकमधील तेलाकडे मात्र वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष जात नाही. ते दिसत नाही, जळत नाही, आणि बदलावयाचे म्हटले तर एकदम पुष्कळ लागते. यास्तव ‘पुढल्या हंगामात पाहू’ असे म्हणून काम मागे पडते. पेटी उघडण्याची वेळ येते ती बहुधा गळिताच्या ऐन भरात, ट्रॉलीत ऊस भरलेला असताना.

हे काम अवघड नाही. थोडी शिस्त पाळल्यास ते शेतकऱ्यास आपल्या अंगणात स्वतः करता येते. त्याची पद्धती येथे क्रमाने दिली आहे.

तेलाकडे सोपविलेली कामे

पुष्कळांची समजूत अशी की, गिअरपेटीतील तेल केवळ दात झिजू नयेत म्हणून असते. बैलगाडीच्या आसास वंगण लावतात, तसेच हेही एक वंगण. आजच्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ही समजूत अपुरी आहे.

१९३९ साली अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. हॅरी फर्ग्युसन यांची तीन सांध्यांची हायड्रोलिक जोडणी असलेला फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर त्या वर्षी बाजारात आला. त्यात नांगर उचलणारा पंप गिअरपेटीच्या घरातच बसविलेला होता आणि गिअरचे तेलच दाबाखाली नेऊन तो अवजार उचलीत असे. त्याच वर्षी जनरल मोटर्सने हायड्रामॅटिक नावाची, गिअर आपोआप बदलणारी पेटी मोटारीसाठी आणली. तीतही इंजिनाची शक्ती पुढे नेण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम दाबाखालील तेलच करीत होते. शेतातील यंत्र व रस्त्यावरील मोटार या दोहोंत तेल त्या वर्षापासून कामकरी झाले.

मद्रास येथे १९६० साली टॅफे कंपनी मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने स्थापन झाली, आणि मुंबईस १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया निघाली. त्यानंतर ही रचना आपल्याकडील शेतात सर्वदूर पोहोचली. आजच्या बहुसंख्य ट्रॅक्टरांत गिअरपेटी, मागील डिफरन्शियल आणि हायड्रोलिक यांचे तेल एकच असते. ज्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांचे ब्रेकही याच तेलात फिरतात. म्हणजे एकच तेल दातांस वंगण देते, लिफ्ट उचलते, ब्रेकच्या चकत्या थंड ठेवते आणि झिजेचा कचरा गाळणीपर्यंत वाहून नेते. ते बिघडले की ही चारही कामे एकदम बिघडतात.

केव्हा बदलावे?

तेलाचे आयुष्य महिन्यांत न मोजता तासांत मोजावयाचे असते. पुष्कळ ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत हे तेल सुमारे १,००० तासांनी बदलावे असे सांगितलेले असते. नव्या ट्रॅक्टरचे पहिले तेल मात्र पुष्कळ लवकर बदलावयाचे असते, कारण नवे दात एकमेकांत बसताना सुरुवातीस अधिक कीस सुटतो. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जो आकडा असेल तोच प्रमाण मानावा.

आता साधा हिशेब करून पाहू. एखादा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीस लागला आणि रोज सरासरी ८ तास चालला, तर १२० दिवसांच्या हंगामात त्याचे ९६० तास भरतात. म्हणजे १,००० तासांची मुदत एका हंगामातच संपत आली. याउलट केवळ घरच्या शेतीपुरता वर्षास ३०० तास चालणाऱ्या ट्रॅक्टरची तीच मुदत तीन वर्षांहून अधिक पुरेल. शेजाऱ्याने केव्हा बदलले यावरून आपले ठरवू नये, ते याचसाठी. मात्र तास कमी भरले तरी पुस्तिकेत वर्षांची मर्यादा दिलेली असल्यास तीही पाळावी, कारण उभ्या यंत्रातही हवेतील ओल तेलात उतरते.

तासांचा काटा बंद पडला असल्यास तो प्रथम दुरुस्त करून घ्यावा. तोपर्यंत डिझेलच्या हिशेबाच्या वहीतच रोजचे तास लिहावेत. ऊस वाहणाऱ्यांनी गळीत संपल्यावर व पावसाळ्यापूर्वी, आणि इतरांनी सवडीच्या दिवसांत हे काम काढावे. खंडेनवमीस ट्रॅक्टर धुऊन, झेंडूची माळ घालून आपण त्याची पूजा करतो. त्याच दिवशी तेलाची पट्टी काढून पाहण्याचा प्रघात प्रत्येक घरी पडल्यास फार बरे होईल. दसऱ्यानंतर गळीत सुरू होते, त्यामुळे त्या वेळी दिसलेला दोष वेळेवर सुधारता येतो.

कोणते तेल घ्यावे?

या कामातील मोठी चूक तेलाच्या निवडीत होते. जुन्या काही ट्रॅक्टरांत ९० नंबरचे जाड गिअर ऑईल चालत असे, म्हणून तेच सर्वत्र चालेल असा समज आहे. ज्या ट्रॅक्टरात गिअर, हायड्रोलिक व तेलातील ब्रेक यांचे तेल सामाईक आहे, त्यास त्यासाठीच बनविलेले ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑईल लागते. त्यात जाड गिअर ऑईल ओतले तर थंडीच्या पहाटे पंपास ते पुरेसे ओढता येत नाही, लिफ्ट थरथरते आणि ब्रेक लावताना किंचाळतात किंवा घसरतात. भरल्या ट्रॉल्यांसह उतारावर ब्रेक घसरणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

यास्तव पुस्तिकेतील तेलाचे नाव व दर्जा कागदावर उतरवून दुकानात न्यावा. पुस्तिका हरवली असल्यास ट्रॅक्टरचे मॉडेल सांगून विक्रेत्याकडून माहिती घ्यावी. सीलबंद डबाच घ्यावा आणि पावती जपून ठेवावी. सुट्या तेलाचा मोह टाळावा. किती लिटर लागणार तेही आधी पाहावे. अनेक ट्रॅक्टरांत ३० लिटरांहून अधिक तेल मावते, त्यामुळे अर्धे नवे व अर्धे जुने असा प्रकार करण्याची पाळी येऊ देऊ नये.

पूर्वतयारी

पुढील साहित्य जवळ असावे: योग्य मापाचे पाने, तेल धरण्यासाठी आडवा कापलेला ड्रम किंवा रुंद घमेली, जाळीचे स्वच्छ नरसाळे, धागे न सुटणारे फडके, थोडे डिझेल, नवी गाळणी, तळाच्या प्लगचे नवे वायसर आणि हातमोजे. तेल धरण्याचे भांडे पेटीतील सर्व तेल मावेल एवढे असावे. २० लिटरांच्या डब्यावर विसंबणाऱ्याचे उरलेले तेल अंगणात सांडते.

काम सपाट, टणक व धूळ नसलेल्या जागी करावे. वाऱ्याच्या दिवशी उघड्यावर पेटी खोलू नये. काळ्या रानातील बारीक माती नव्या तेलात गेली तर ती दातांवर व पंपावर कानशीसारखी काम करते.

प्रत्यक्ष कृती

१. प्रथम ट्रॅक्टर २० ते ३० मिनिटे चालवावा. कोमट तेल लवकर वाहते आणि तळाचा गाळही बरोबर घेऊन येते. तेल अंग भाजेल इतके तापलेले मात्र नसावे.

२. मागील अवजार सोडवावे. लिफ्टचे हात पूर्ण खाली आणावेत, म्हणजे सिलिंडरमधील तेल पेटीत परत येते. इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी, हँडब्रेक ओढावा आणि चाकांच्या पुढे-मागे दगड लावावेत. केवळ जॅकवर तोललेल्या यंत्राखाली कोणीही शिरू नये.

३. तेल भरण्याचे बूच आधी उघडून पाहावे. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण महत्त्वाचा आहे. तळाचे तेल सोडून दिल्यावर वरचे बूच गंजून बसलेले आढळले, तर रिकाम्या पेटीचा ट्रॅक्टर जागचा हलविता येत नाही.

४. तळाच्या प्लगभोवतीची माती डिझेलच्या फडक्याने पुसून मग प्लग काढावा. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरपेटीस एक, डिफरन्शियलच्या घरास दुसरा आणि काहींत मागील दोन्ही चाकांजवळ आणखी एकेक प्लग असतो. पुस्तिकेतील चित्र पाहून सर्व प्लग काढावेत. एकच काढल्यास पुष्कळ जुने तेल आत राहते. धार संपून थेंब पडू लागले तरी अर्धा तास वाट पाहावी.

५. पंपाची जाळीची गाळणी डिझेलमध्ये धुऊन पूर्ण वाळवावी. कागदी गाळणी धुऊन पुन्हा वापरू नये, नवीच घालावी. पेटी ‘धुण्यासाठी’ आत डिझेल किंवा रॉकेल ओतून ट्रॅक्टर चालविण्याची रीत हानिकारक आहे. आत राहिलेले डिझेल नव्या तेलास पातळ करते.

६. प्लग पुसून, नवे वायसर घालून बसवावेत. पान्यास नळी जोडून अवास्तव जोर लावू नये, कारण पेटीतील आटे बिघडल्यास दुरुस्ती महागात पडते.

७. जाळीच्या नरसाळ्यातून नवे तेल सावकाश भरावे. थोडे थांबून पट्टीवर पातळी पाहावी. नंतर इंजिन सुरू करून लिफ्ट काही वेळा वर-खाली करावी, म्हणजे तेल सर्वत्र पोहोचते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पातळी पुन्हा पाहावी, कमी असल्यास भर घालावी आणि सर्व प्लग गळत नाहीत ना हे तपासावे.

८. पेटीस हवा मिळण्यासाठी वर एक लहान ब्रीदर असतो. तो मातीने बुजला की तापलेल्या पेटीतील दाब ऑईलसीलमधून तेल बाहेर ढकलतो. तोही याच वेळी साफ करावा.

‘थोडे जास्त असलेले बरे’ हा विचार येथे चालत नाही. अधिक भरलेले तेल दातांनी घुसळले जाऊन त्यास फेस येतो. फेसात हवा असते आणि हवेने ना लिफ्ट नीट उचलली जाते, ना दातांस वंगण मिळते. पातळी खुणेच्या वर किंवा खाली नको, खुणेवर हवी.

काढलेले तेल काय सांगते?

जुने तेल फेकण्यापूर्वी उजेडात नीट पाहावे. गाईच्या धारेवरून जसे तिचे दुखणे-खुपणे कळते, तसे या तेलावरून पेटीची प्रकृती कळते.

तेल दुधाळ किंवा ताकासारखे झाले असल्यास त्यात पाणी शिरले आहे. ट्रॅक्टर नदीत उतरवून धुणे, गिअरच्या दांड्याचे रबर फाटलेले असणे, ब्रीदरवर जोराच्या पाण्याचा फवारा मारणे ही त्याची नेहमीची कारणे होत. शंका असल्यास काचेच्या बाटलीत थोडे तेल रात्रभर ठेवावे. मोकळे पाणी असेल तर ते तळाशी बसते. पाणी शिरण्याची वाट बंद केल्याशिवाय नवे तेल भरणे व्यर्थ आहे. शिवाय अशा वेळी काही पाणी आत उरतेच, म्हणून थोडे तास चालवून पातळीबरोबर रंगही पाहावा आणि तेल पुन्हा दुधाळ दिसल्यास दुसऱ्यांदा बदलावे.

तेल काळे होऊन करपल्याचा वास येत असल्यास पेटी फार तापलेली आहे. जादा ओझे, कमी पातळी किंवा ब्रेक अर्धवट लागून राहणे यांचा तपास करावा. प्लगवर लोहचुंबक असल्यास त्यावर काजळासारखा बारीक लेप दिसतो. ती नेहमीची झीज होय, भिण्याचे कारण नाही. परंतु बोटांस टोचणारे कण, चकचकीत पापुद्रे किंवा दाताचा तुकडा सापडल्यास नवे तेल ओतून काम चालू ठेवू नये. तेल तुटलेला दात जोडू शकत नाही. अशा वेळी जाणत्या मिस्त्रीस बोलवावे, आणि सापडलेला तुकडा त्यास दाखविण्यासाठी जपून ठेवावा.

आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीविषयी

अलीकडे गावोगावी क्लच नसलेल्या मोटारीही दिसू लागल्या आहेत. ‘ट्रॅक्टरचे तेल घरी बदलतो, मग मोटारीचे का नको?’ असा प्रश्न तरुण शेतकरी विचारतात. उत्तर मोटारीच्या पेटीवर अवलंबून आहे.

२०१४ साली मारुती सुझुकीच्या सेलेरिओ मोटारीबरोबर आपल्याकडे आलेल्या एएमटी प्रकारात आतील पेटी साध्या दातांचीच असते, फक्त क्लच व गिअर यांत्रिक हाताने हलविले जातात. तिला पुस्तिकेतील साधे गिअर ऑईल लागते. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या खऱ्या आपोआप पेटीस बहुधा लाल रंगाचे विशिष्ट तेल लागते, आणि सीव्हीटी पेटीस त्याहून निराळे. ही तेले एकमेकांच्या जागी कधीही वापरू नयेत.

टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटीत तळाचा प्लग काढल्यावर सर्व तेल बाहेर येत नाही. बराच भाग कन्व्हर्टरमध्ये व नळ्यांत राहतो. म्हणून जेवढे निघाले तेवढे मोजून तेवढेच नवे भरावयाचे, आणि काही दिवस मोटार चालवून तीच कृती पुन्हा करावयाची असते. अनेक मोटारींस तेलाची पट्टीच नसते. त्यांची पातळी ठरावीक उष्णतेस, इंजिन चालू ठेवून, पातळीच्या प्लगमधून पाहावी लागते. यासाठी मोटार सपाट राखून उचलण्याची व उष्णता मोजण्याची सोय हवी. ती सोय नसल्यास हे काम कार्यशाळेकडे सोपविणेच शहाणपणाचे होय.

वापरलेले तेल कोठे जावे?

काढलेले तेल बांधावर, नाल्यात किंवा उकिरड्यावर ओतू नये. शहागडसारख्या नदीकाठच्या गावी जमिनीवर सांडलेले पावसाबरोबर ओढ्यात आणि ओढ्यातून गोदावरीत जाते. विहिरीजवळ मुरलेले तेल पिण्याचे पाणी नासवते. या तेलात झिजलेल्या धातूंचा अंश असतो. म्हणून जनावरांच्या गोचिडीवर, खरजेवर किंवा जखमेवर ते लावण्याची जुनी सवय सोडावी. जनावर अंग चाटते आणि विष पोटात जाते. ते चुलीत किंवा गुऱ्हाळाच्या भट्टीत जाळणेही अयोग्य आहे.

वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचऱ्याविषयीच्या नियमांत मोडते. ते शुद्ध करून पुन्हा उपयोगात आणता येते. रिकाम्या झालेल्या नव्या तेलाच्या डब्यांतच ते भरावे, झाकण घट्ट लावावे, त्यात पाणी अथवा डिझेल मिसळू नये आणि अधिकृत संकलकाकडे किंवा ते तेल त्याच्याकडे पोहोचविणाऱ्या कार्यशाळेत द्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

हा विषय भाषणाने समजत नाही, पाहून समजतो. कार्यकर्त्यांनी गळिताचा हंगाम संपताच गावातील एका शेतकऱ्याच्या अंगणात, त्याच्याच ट्रॅक्टरवर प्रात्यक्षिक ठेवावे. आठ-दहा ट्रॅक्टरधारकांस व विशेषतः चालकांस बोलवावे, कारण यंत्र प्रत्यक्ष त्यांच्याच हाती असते. प्रत्येकाने आपल्या ट्रॅक्टरची पुस्तिका बरोबर आणावी. काढलेले तेल, चुंबकावरील लेप आणि दुधाळ तेलाची बाटली सर्वांच्या हाती द्यावी. पाच-सात शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात काम काढल्यास वापरलेल्या तेलाचे डबे एकत्र करून एकाच फेरीत पाठविता येतात, आणि कोणालाही ते ओढ्यात ओतण्याचा मोह होत नाही.

शेवटी प्रत्येक ट्रॅक्टरच्या वहीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: तारीख, तासांच्या काट्यावरील आकडा, तेलाचे नाव व लिटर, आणि जुन्या तेलात काय आढळले ते. पुढच्या वेळी याच ओळीवरून केव्हा व काय करावयाचे ते कळेल. चालक बदलला, मिस्त्री बदलला, किंवा ट्रॅक्टर मुलाच्या हाती गेला, तरी ही नोंद यंत्राबरोबर राहील.